विमान जाऊ दे, मग बोलू

शांत परिसर? 'शांत परिसर' असं म्हणाला तो तुम्हाला? वर 'निवांत'सुद्धा म्हणाला असेल! म्हणाला ना? बघा! अहो, बसा, उभ्यानं कशाला ऐकताय, त्या एजंटाला चावी सापडेपर्यंत पाय दुखून येतील तुमचे, वरच्या घराची चावी तो नेहमी चुकीचीच आणतो, मग परत ऑफिसात पळतो, मग ऑफिसला कुलूप, मग कुलपाची चावी आणायला आणखी कुठेतरी... याआधीची बिऱ्हाडंही अशीच इथं माझ्याकडे बसून गेली. घर न घेताच गेली, ती गोष्ट वेगळी. ती खुर्ची नको, डुगडुगते ती. वहिनी, तुम्ही इथं सोफ्यावर बसा, पेपर ढकला बाजूला, कालचाच आहे. हां. तर काय म्हणत होतो... शांत परिसर! तुम्हाला सांगतो, खोटं नाही बोलला तो, शांतच आहे, अगदी टाचणी पडली तर शेजारचा विचारेल काय पडलं म्हणून, आणि नेमकी तीच तर माझी...

थांबा. जाऊ दे त्याला.

...

काही नाही. काही नाही हो! वहिनी, वर बघू नका, छताला काही झालेलं नाही. सवय आहे ती. हे असं बोट वर करायचं आणि गप्प व्हायचं. तुम्ही म्हणाल म्हातारा चळला... म्हणा, आधीच्या बिऱ्हाडातल्या आजीबाई म्हणाल्याच होत्या, माझ्या देखत म्हणाल्या.

आता असं करा, या खिडकीतून बघा. ते लांबवर गवत माजलंय ना, त्याच्या मधून तो काळा पट्टा गेलाय? ती धावपट्टी. विमानतळ होता तिथे! मोठा नव्हे, मोठी विमानं मोठ्या विमानतळावर, आमचा आपला उपनगरी, बेताचा, चार खोल्या, एक मनोरा आणि वारा दाखवणारी ती नारिंगी पिशवी. ती अजून आहे बघा, दांडीला लटकलीय. पण विमानं! विमानं नेमकी आमच्या गच्चीवरून उठायची, आणि इतकी खालून जायची की चाकांना चिखल लागलाय का कोरडी आहेत ते मी इथं चहा पिता पिता सांगायचो. सगळ्यांना आमच्यात नावं होती. सकाळी डाक घेऊन यायचं ते 'दूधवालं'. विमान शिकवायच्या शाळेचं होतं ते 'शिकाऊ'... ते तर काय, उठायचं, वळायचं, उतरायचं, परत उठायचं, सकाळभर तेवढंच, शिकवणाऱ्यालाच येत नव्हतं की काय देव जाणे. कुणा बड्या माणसाचं चकचकीत होतं, ते 'साहेब', त्याच्या मनात येईल तेव्हा. आणि 'खोकला'! दोन पंख्यांचं जुनं धूड, आमच्या गच्चीवर आलं की खोकायचंच, नेमकं आमच्याच गच्चीवर, घशात काही अडकावं तसं... घर्र, खक्, खक्, घर्रर्र! की कपाटातले ग्लास एकमेकांना विचारायचे, काय रे झालं?

तर अशा ठिकाणी माणसं बोलायची कशी? सांगा ना, कशी बोलायची? ओरडून? ओरडून बघितलं आम्ही पहिल्यांदा, सगळ्यांचे घसे बसले. मग आपोआप एक रीत पडली, कुणी ठरवली नाही, कुणी बैठक घेतली नाही. विमान आलं की थांबायचं. बोलता बोलता, शब्द अर्धा असेल तर अर्ध्यावर, तोंड उघडं असेल तर उघडं ठेवायचं, पण बोट असं वर करायचं. बोट वर म्हणजे, माझं संपलेलं नाही, पुढे आहे. ऐकणाऱ्यानंही बोट वर करायचं. म्हणजे, बरं, माझं लक्ष आहे. आणि विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे! पुन्हा पहिल्यापासून नाही हं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात ते बाहेरचे, त्यावरून पाहुणा ओळखू यायचा. आमचा न्हावी वस्तरा गालावरून उचलून हवेत धरायचा, गिऱ्हाईकाचं बोट वर, न्हाव्याचा वस्तरा वर, दोघं आरशात एकमेकांकडे बघतायत... गेलं की कानशिलापासून पुढे. शाळेत बाई सात सक म्हणून थांबायच्या, अख्खा वर्ग बोटं वर करून बसायचा, आणि विमान गेलं की बेचाळीऽऽस! दाताचा डॉक्टर तर आमचा सगळ्यात लाडका, कारण खोकला आला की त्याला मशीन बंद करावंच लागायचं. त्या खुर्चीत बसून मी खोकल्याची जी वाट बघितलीय ना... कुणाची बघितली नाही!

आणि आमची ही. ही आमच्यात सगळ्यात पटाईत. तिला विमान आधी कळायचं, कपाटातले ग्लास हलायच्याही आधी. "अहो, थांबा, जाऊ दे त्याला." बोट नाही, आमटीचा डाव वर करायची, हातात कायम डाव. आता भांडण चाललंय समजा, तेही नेहमीचंच, "तुम्हाला किती वेळा सांगितलंय ओला टॉवेल..." आणि आलं विमान! डाव वर. मी इकडे बोट वर. दोघं पुतळ्यासारखे समोरासमोर उभे, आणि डोक्यावरून घर्र, खक्, खक्... आता इतका वेळ एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिल्यावर राग टिकतो का हो? तुम्ही सांगा, वहिनी, टिकतो? तिच्या कपाळावरची आठी आपोआप सैल व्हायची, माझ्या ओठाचं टोक हलायला लागायचं, आणि विमान गेलं की ती आपली नियमानुसार पुढे, "...पलंगावर टाकत जाऊ नका!" पण ते म्हणेपर्यंत दोघांनाही हसू फुटलेलं. आमचा सगळा संसार तुम्हाला सांगतो, त्या विमानांनी चालवला. मधे मधे ती थांबवायची म्हणून. नाहीतर माझ्यासारख्या माणसाबरोबर इतकी वर्षं...

थांबा. जाऊ दे त्याला.

...

नाही, कुणी नाही. आता या वेळेला 'खोकला' यायचा.

मग ती गेली. कशानं गेली ते नको आत्ता, तुम्ही घर बघायला आलायत. गेली, एवढंच. आणि विमानं येतच होती, त्यांना काय त्याचं! दूधवालं येतंय, शिकाऊ घिरट्या घालतंय, खोकला खोकतोय. पण एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी थांबतच नाहीय. विमान येतं, जातं, मी आपला खुर्चीत. कारण थांबायला आधी माणूस बोलत तर पाहिजे! बोलतच नाही तर थांबणार काय डोंबल? मुलगा आहे, नाही असं नाही, गुणी आहे, लांब असतो. फोन करतो. "बाबा, सगळं ठीक?" "ठीक." "औषधं?" "घेतो." "आवाज येतोय ना नीट?" "येतोय." "बरं, ठेवतो." येतोय बाबा आवाज, पण तू काही बोलशील तर येईल ना अजून!

तर विमानतळाच्या फाटकाशी एक पाटी होती. 'आवाजाचा त्रास होतो? आम्हाला कळवा.' खाली नंबर. आणि त्या दिवशी खोकला असा काही खोकला की हिचा फोटो भिंतीवर तिरका झाला, आणि मी म्हटलं, बस्स! कळवतोच यांना! लावला फोन. पलीकडून, "नमस्कार, आवाज तक्रार विभाग, बोला." आता बोला म्हणते तर माझ्या तोंडून शब्दच फुटेना! सकाळपासून... सकाळपासून कसलं, आदल्या दिवसापासून एक शब्द बोललो नव्हतो, घसा बंद, नुसताच हं... हं... असा श्वास. तिला वाटलं धमकीचा फोन आहे! "कोण आहे? कोण बोलतंय? हे बघा, मी साहेबांना बोलावीन!" मग मी खाकरलो आणि म्हटलं, "ताई, मी तक्रारवाला आहे, जरा थांबा, आवाज सुरू होतोय."

हसली हो! काय हसली!

मग विचारते, "आवाज कसा होता, काका? गडगडाट, घरघर, शिट्टी, की इतर?" त्यांचे ते ठरलेले प्रश्न. आता गडगडाट म्हटलं असतं तर तिनं लिहून घेतलं असतं आणि संपलं असतं. मी म्हटलं, "इतर." "इतर म्हणजे कसा?" म्हटलं, "म्हणजे बघा, लोखंडी कपाट जिन्यावरून खाली उतरवतायत, अर्ध्यात अडकलंय, आणि खालचा माणूस वरच्याला म्हणतोय मी सोडतो आता... तसा." "लिहिते, काका." आणि खरंच लिहिलंन्! दुसऱ्या दिवशी मी पुन्हा. "आवाज कसा होता?" "इतर!" तुम्हाला सांगतो, त्या इतरवर मी जगलो. शिकाऊचा आवाज मी तिला शिवणयंत्रापासून सांगत आणला, साहेबाचा आवाज तर इतका बारकाईनं सांगितला की ती म्हणाली, काका, थांबा, मला आता झोपेतही ऐकू येईल तो. मी तिला तक्रारताई म्हणायचो. तोंडावर ताई, मनात तक्रारताई.

आणि गंमत म्हणजे, तिची खोली धावपट्टीला लागून, पत्र्याची. म्हणजे विमान उठलं की आधी तिच्या डोक्यावर आणि मग माझ्या! फोनवर बोलता बोलता तिकडून आधी तो घरघराट यायचा, ती गप्प, मी गप्प, मग तिच्याकडचा आवाज उतरायचा आणि ती म्हणायची, "काका, येतंय हं तुमच्याकडे!" आणि यायचं! तेच विमान! तिनं पाठवलेलं! मी बोट वर करायचो, फोनवर कुणाला दिसतंय, पण करायचो, आणि ते माझ्या गच्चीवरून गेलं की ती पलीकडून, "गेलं?" मी, "गेलं." "हं, बोला, कुठं होतो आपण?" आणि मी त्याच शब्दापासून पुढे. आता मला सांगा, असं बोलणं तुमचं कुणाशी झालंय कधी? की दोघं मधेच थांबलेत आणि तरी धागा सुटलेला नाही?

एकदा खोकला आलाच नाही. मी फोन केला. "तक्रार काय, काका?" म्हटलं, "आवाज का नाही?" म्हणते, "धुकं आहे, काका, विमान जमिनीवरच आहे." म्हटलं, "मग त्याची तक्रार घ्या!" मग मधूनच विचारायची, "काका, जेवलात का?" आता हा प्रश्न त्यांच्या ठरलेल्या प्रश्नांत नव्हता हं! गडगडाट, घरघर, शिट्टी, इतर... यात जेवलात का कुठे बसतं? तिच्या आईचा गुडघा धरायचा, मी तिला शेक कसा द्यायचा ते सांगायचो, तिचा साहेब सुट्टी देत नव्हता, मी त्याला इकडून शिव्या घालायचो, आणि सगळं झाल्यावर ती म्हणायची, "बरं काका, तक्रार काय लिहू?" अरे हो! तक्रार! राहिलीच की!

आता तुम्ही म्हणाल, छान चाललं होतं, मग बिघडलं कुठं? बिघडलं आमच्या वसाहतीच्या अध्यक्षांमुळे. ते समोरच्या बंगलीत राहतात, मागे हात बांधून चालतात ते. त्यांना एकाएकी शांतता पाहिजे झाली. म्हणाले, हा विमानतळ राहणार की जाणार, यावर आता सुनावणी आहे, बाहेरून अधिकारी येणार आहेत, रहिवाशांनी एकजूट दाखवायची! दाखवा. माझं काय जातं! आणि मग त्यांनी तो नकाशा आणला. तक्रार जिथून आली त्या घरावर लाल ठिपका. अख्ख्या वसाहतीत इकडे एक ठिपका, तिकडे दोन, डॉक्टरच्या घरावर एक अर्धवट... आणि आमच्या इमारतीवर? आमच्या इमारतीवर कुणी पिकलेला टोमॅटो आपटावा तसं लालेलाल! अध्यक्षांनी मला मिठीच मारली. "तुम्ही! तुम्ही आमचे खरे योद्धे! सगळ्यात जास्त सोसलंत तुम्ही!" आणि मी मूर्ख, फुगलो! म्हटलं, "सोसलंय खरं." म्हणाले, "सुनावणीत पहिले तुम्ही बोलायचं." म्हटलं, "बोलतो की!" बोलायला मिळतंय म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणतोय!

सुनावणीच्या आदल्या दिवशी फोन केला तक्रारताईला. मोठ्या तोऱ्यात. "ताई, उद्या बघाच, तुमच्या विमानांची अशी काढतो एकेकाची!" ती हसली नाही. मला वाटलं विमान आलं म्हणून थांबली, मी बोट वर करून बसलो. विमान नव्हतं. मग म्हणाली, "काका, तुम्ही जिंकलात तर ही खोली बंद होईल. विमानं नाहीत तर तक्रारी कुठून येणार?"

तुम्हाला सांगतो, एवढी साधी गोष्ट! एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नव्हती हो! विमानतळ बंद म्हणजे तक्रार बंद, तक्रार बंद म्हणजे फोन बंद, आणि फोन बंद म्हणजे... मी, ही खुर्ची आणि हिचा तिरका फोटो. मी म्हटलं, "ताई, काळजी करू नका. उद्या मी बोलतो."

रात्रभर भाषण घोकलं. बेत पक्का केला. एकदम विमानतळ राहू द्या म्हटलं तर अध्यक्ष माझा गळा धरतील, म्हणून आधी त्रास सांगायचा, सगळा, मन लावून, आणि मग म्हणायचं, 'पण.' पण साहेब, या विमानांनी आम्हाला थांबायला शिकवलं. पण साहेब, ही गेली तर आमच्याकडे कोण बघणार. सगळं भाषण त्या 'पण'च्या पलीकडे होतं! आरशासमोर उभा राहून म्हणून बघितलं, मलाच गहिवरून आलं.

शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी. हीच आमची शाळा, धावपट्टीच्या नाकासमोर. पुढे तीन अधिकारी, तिघंही बाहेरचे, त्यात एक बाई. सगळी वसाहत हजर, न्हावी आहे, डॉक्टर आहे, शाळेच्या बाई आहेत. मी उभा राहिलो. आणि काय बोललो म्हणून सांगू! कपाटातले ग्लास सांगितले, तिरका फोटो सांगितला, कपाट जिन्यात अडकवून दाखवलं, खोकला तर असा खोकून दाखवला की एक अधिकारी पाणी आणायला उठला! टाळ्या! आणि मग मी दोन्ही हात जोडले, श्वास घेतला, 'प'साठी ओठ मिटले...

आणि आला खोकला! खराखुरा! नेमका हॉलवर! घर्र, खक्, खक्, घर्रर्र!

आता मी काय करणार? थांबलो. आमची रीतच ती! बोट वर, डोळे छताकडे, ओठ मिटलेले, 'पण' जिभेवर तयार. आणि माझी सगळी वसाहत, गुणी माणसं, वर्षानुवर्षांची सवय, अख्ख्या हॉलनं बोटं वर केली! म्हणजे, काका, तुमचं संपलेलं नाही, आमचं लक्ष आहे. पण त्या बाहेरच्यांना हे कुठून कळणार? त्यांना दिसतंय काय? म्हातारा बोलता बोलता थांबला, ओठ थरथरतायत, डोळे वर लागलेत, आणि सगळ्या हॉलनं हात वर केलेत! ती अधिकारी बाई डोळे पुसायला लागली. मधला साहेब उठला, माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि विमानाचा आवाज उतरतोय न उतरतोय तोच माइकवर म्हणतो, "आजोबांना पुढे बोलवेना. काही बोलायची गरजही नाही. हात वर झालेले मी पाहिलेत. एकमत आहे!"

मी म्हटलं, "पण..." टाळ्या! मी म्हटलं, "अहो, पण..." आणखी टाळ्या! मी अध्यक्षांकडे बघितलं. त्यांना माहीत होतं, बरं का! त्यांचंही बोट वर होतं! बोट वर म्हणजे माझं संपलेलं नाही, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. त्यांनी हळूच बोट खाली घेतलं आणि टाळ्या वाजवायला लागले. आणि त्या खोकल्याला काय म्हणावं? मी त्याच्याच बाजूनं बोलायला उभा होतो! स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला की नाही त्यानं?

घरी आलो आणि फोन लावला. "आवाज तक्रार विभाग, बोला." म्हटलं, "ताई, तक्रार आहे." "आवाज कसा होता, काका?" म्हटलं, "तुमच्या विमानानं माझं 'पण' खाल्लं." सगळं सांगितलं. ती हसली, खूप हसली. मग म्हणाली, "इतरमध्ये लिहिते, काका."

थांबा... जाऊ दे...

...

नाही. आत्ता विमान नव्हतं. पाणी घेतो. तुम्ही घेणार?

शेवटच्या दिवशी शेवटचं उड्डाण खोकल्याचं. जाणार आणि परत येणार नाही. मी सकाळपासून फोनजवळ. तिनंच केला! तिनं मला केला, तक्रार विभागानं तक्रारवाल्याला! बोललो इकडचं तिकडचं, तिची बदली लांबच्या मोठ्या विमानतळावर झालेली, तिथं तक्रारी मशीन घेतं, तिला सामानाच्या पट्ट्यापाशी उभं करणार म्हणाली. मी म्हटलं, "ताई, ऐका, मला एक..." आणि तिकडून घरघर सुरू झाली. ती म्हणाली, "काका, येतंय हं तुमच्याकडे." आणि आलं. मी बोट वर केलं, खिडकीशी गेलो. चाकं कोरडी होती. खोकला गच्चीवर आला आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवशी खोकला नाही. सरळ गेला. मी परत येऊन म्हटलं, "हं, गेलं. तर ताई, मला काय म्हणायचं होतं..." पलीकडे काही नाही. तिनं ठेवला होता, की कुणी तारच काढली होती, कुणास ठाऊक. मी त्याच शब्दापासून पुढे बोलून टाकलं. रिकाम्या फोनवर. वाक्य अर्धं ठेवायचं नाही, ही आपली रीत.

आणि मग ही तुमची शांतता! पहिल्या आठवड्यात मजा वाटली लोकांना. मग काय झालं? भांडणं सलग व्हायला लागली! मधे थांबवणारं कुणी नाही! डॉक्टर आणि त्याची बायको आता वेगवेगळ्या वेळी फिरायला जातात. डॉक्टरचं मशीनही थांबत नाही, परवा मी ओरडलोच. वसाहतीच्या बैठका बंद, कारण गाऱ्हाणंच नाही तर जमायचं कशाला? अध्यक्ष मागे हात बांधून एकटेच फेऱ्या मारतात, परवा मला म्हणाले, "त्या नारिंगी पिशवीचा फडफड आवाज येतो हो!" मी म्हटलं, "करा तक्रार." म्हणाले, "कुणाकडे?" आता का! मला घरातले सगळे आवाज पाठ झालेत. फ्रिज गुरगुरतो, नळ ठिबकतो, माझा उजवा गुडघा वाजतो, डावा नाही. नगरपालिकेच्या नंबरावर फोन करून बघितला, तिथं बाई नाही, ध्वनिमुद्रण आहे. पाण्यासाठी एक दाबा, कचऱ्यासाठी दोन दाबा... इतर नाहीच हो त्यांच्यात! शेवटपर्यंत ऐकलं मी, इतर नाही!

विमानतळाचं पुढे काय होणार म्हणता? कुणी म्हणतं बाग, कुणी म्हणतं घरं, कुणी म्हणतं विजेवर चालणारी विमानं येणार, पण त्यांना म्हणे आवाजच नसतो. मग ती येऊन तरी काय उप...

थांबा!

थांबा, जाऊ दे त्या...

ऐकलंत? नाही नाही, सवय नाही ही, हे खरं आहे! वर! ठक्, ठक्, ठक्... सापडली वाटतं त्या एजंटाला चावी, वरच्या घरात बूट घालून फिरतोय! काय सुंदर वाजतंय! ग्लास हलला बघा कपाटात, हलला ना? वहिनी, तुम्हीही बोट वर केलंत! नाही, खाली घेऊ नका, बरोबर आहे, अगदी बरोबर!

जा, जा वर, बघून या. हवेशीर आहे घर, भिंती बऱ्या आहेत, जमीन मात्र पातळ, खाली सगळं ऐकू येतं. तो हे सांगणार नाही, मी सांगतो. तुम्हाला दोन मुली आहेत म्हणालात ना? पळतात? उड्या मारतात? मारू दे! दोरीवरच्या मारल्या तर आणखी बरं! घ्या, घर घ्या. पण एक आत्ताच स्पष्ट सांगून ठेवतो, मागाहून म्हणू नका सांगितलं नव्हतं म्हणून, मी तक्रारखोर माणूस आहे. रोज तक्रार करणार. सकाळी करणार, संध्याकाळी करणार, मुली गप्प बसल्या तर त्याचीही करणार. तुम्ही काही आवाज कमी करू नका, अजिबात करू नका. आवाज कसा होता, एवढं विचारत जा...

आणि फोन तेवढा उचलत जा.